पिठानं काढलेली वाट

प्रिय दीपिका,

काल डोळ्याला डोळा लागला नाय. आता सकाळ झालीय, नळाचं पाणी येऊन गेलं, अंकुशला पेज भरवली, तो भिंतीकडं तोंड करून पडलाय, तेवढ्यात लिवायला बसले. झोप का नाय लागली ते आधीच सांगते, नायतं पुढचं लिवता लिवता राहून जाईल. काल संध्याकाळी ती पांढरी गाडी आमच्या चाळीच्या तोंडाशी येऊन उभी राह्यली. प्रीतम सुपरवायझर उतरला. हा प्रीतम म्हणजे आमच्या ठेकेदाराचा, शेठचा माणूस. हजेरी तोच लावतो, पगार तोच वाटतो, खोलीचं भाडंपण तोच कापून घेतो. दारातच उभा राहून म्हणाला, उद्या दिवेलागणीला याला तयार ठेव, मोठ्या दवाखान्यात न्यायचा हाय, शेठ पदरचे पैसे घालतोय, पाया पड त्याच्या. मी इचारलं, कुठला दवाखाना. तो हसला. म्हणाला, नाव सांगून तुला काय कळणार हाय. हसू दे त्याला. पण ती गाडी मी वळखते, दीपिका. तिच्यात बसून गेलेलं माणूस चाळीत परत आलं नाय. अन् आज ती माझ्या नवऱ्याला न्यायला येणार हाय.

माझं लिवणं तुला म्हायतच हाय. काना मात्रा कुठं गेला तं सांभाळून घे. चौथीनंतर माझी आश्रमशाळा सुटली, तू बारावीपर्यंत गेलीस अन् आता पालघरला स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानात बसतेस, हे ऐकलं तेव्हा मला लय बरं वाटलेलं. मला अक्षरं बघितली की झोप यायची अन् गणित ऐकलं की पोटात दुखायचं, आठवतं ना. गुरुजींनी होडीचं गणित घातलं होतं, नदी, दोन पोरं, एक बकरी. सगळी पोरं आकडे मांडत बसली अन् मी रडत. मंग तू मला सैपाकघराच्या मागं नेलंस, चुलीतला कोळसा घेतलास अन् फरशीवर नदी काढलीस. म्हणालीस, डोक्यात गुंता झाला ना चिमे, तं तो खाली काढून ठेव, मंग बोटानं सोडवता येतो. मी होडी बोटानं ढकलली अन् गणित सुटलं. गुरुजी म्हणाले नक्कल केली. तू भांडलीस त्यांच्याशी. तेव्हापासनं मला काय पण समजून घ्यायचं असलं की मी ते खाली काढते. बाजाराला गेले अन् वाट चुकले तरी काडीनं मातीत काढते. घरातली हसतात. आपल्याकडं लग्नात भिंतीवर चौक काढला असं कोण म्हणत नाय, चौक लिवला म्हणतात. माझी आय लिवायची. मी तेवढं सुबक काय लिवत नाय, पण मला लिवणं जे काय येतं ते तेवढंच.

लग्नानंतर एक हंगाम आमी वीटभट्टीवर होतो, मंग स्नेहल पोटात राह्यली तेव्हा अंकुश म्हणाला, बोईसरला कंपनीत काम हाय, बाराही महिने. आलो. कंपनीत म्हणजे कंपनीचा नाय, ठेकेदाराचा. गेटवर रोज वेगळ्या नावानं आत सोडतात असं तोच सांगायचा अन् हसायचा. म्हणायचा, आज मी सुरेश होतो, काल मी पांडे होतो, एक दिवस मी घरी येऊन तुलाच इचारीन की मी कोण. खोली मिळाली, पंखा मिळाला, पोरगी रांगली, चालाय-बोलायला लागली. मागची दिवाळी चांगली गेली, तुला मी चकल्या पाठवल्या होत्या त्या तेव्हाच्या. दिवाळीनंतर एक दिवस तो संध्याकाळच्या जागी दुपारीच घरी आला. कपडे भिजलेले अन् अंगाला असा वास, गोड, सडलेल्या फणसासारखा. म्हणाला, टाकी साफ केली, दुप्पट हजेरी लावणार हायत. आंघोळ केली तरी वास गेला नाय. त्या रात्री उलट्या झाल्या. मला वाटलं पिऊन आलाय. तो पितो कधी कधी, खोटं कशाला सांगू. पण त्या दिवशी प्याला नव्हता.

मंग हळूहळू सुरू झालं. आधी हाताची बोटं थरथरायला लागली. चहाचा कप धरता येईना. मंग जीभ जड झाली, शब्द अर्धे तोंडातच राहायचे, स्नेहलला वाटायचं बाबा खेळ करतोय, ती पण तसंच बोबडं बोलून दाखवायची अन् तो बिचारा हसायचा. मंग पाय गेले. भिंत धरून मोरीपर्यंत जायचा, आता तेवढंपण नाय. प्रीतमनं त्यांच्या वळखीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं इचारलं काय काम करतो, तं मी तोंड उघडायच्या आधीच प्रीतम म्हणाला, साहब बेवडा है. डॉक्टरनं लाल गोळ्या दिल्या. मी म्हटलं हा रोज पीत नाय, तं प्रीतम म्हणाला, सगळ्या बायका हेच म्हणतात. डॉक्टरपण हसला.

आता मी काय केलं ते ऐक, अन् रागवू नको. आपली माणसं जे करतात तेच केलं. त्याच्यावरनं मूठभर तांदूळ उतरून घेतले, पदराला बांधले अन् पाड्यावर भगताकडं गेले. माझा भाऊ जिवल्यादादा बरोबर आला. भगतानं तांदूळ सुपात टाकले, बघितले, म्हणाला, धरलंय कोणीतरी. कुठून चालतो हा, कुठं थांबतो, कुठं मुततो, कुठं बसून खातो, सगळी वाट सांग, धरणारं वाटेवरच बसलेलं हाय. मला तोंडानं सांगता येईना. उजवीकडं का डावीकडं, सगळं घोटाळायला लागलं. मंग मी म्हटलं, पीठ द्या. त्याच्या अंगणात तांदळाच्या पिठानं सगळं काढलं. आमची चाळ, नळ, चहाची टपरी, नाला, नाल्यावरचा साकव, साकवाजवळचं उंबराचं झाड, वडापाववाला, रिक्षा स्टँड, अन् शेवटाला कंपनी म्हणून एक चौकोन. भगत वाटेवरनं एक एक तांदूळ ठेवत गेला. साकवाशी थांबला. म्हणाला, इथं. उंबराखाली बसतो का तो. मी म्हटलं, हो, डबा कधी कधी तिथं खातो. झालं. कोंबडी सांगितली. जिवल्यादादानं त्याची लाल कोंबडी दिली, अंडी देत होती ती. आमी दोघं बोईसरला आलो, साकवाखाली कोंबडी दिली, नारळ फोडला, नाल्याचं ते हिरवं पाणी अन् वर गाड्या. जिवल्यादादा म्हणाला, आता उतरंल. पण नाय उतरलं, उलट वाढलं. दुसऱ्याच आठवड्यात अंकुशचे पाय गेले.

आपल्याला असंच वाटतं ना गं, की भुतं रानात असतात, नाल्यात असतात, झाडावर असतात. कंपनीत फक्त पगार असतो. भगतानंपण त्या चौकोनावर तांदूळ ठेवला नाय अन् मीपण ठेव म्हटलं नाय.

एक दिवस भाकरी थापताना पीठ सांडलं अन् स्नेहल त्यात बसून बोटानं रेघा ओढायला लागली. मला भगताचं अंगण आठवलं. अंकुश झोपला होता. मी म्हटलं परत एकदा काढून बघू. खोलीतल्या लादीवर सगळी वाट काढली. ह्या वेळेला सावकाश काढली, कोणी समोर घाई करणारं नव्हतं. चाळ झाली, नळ झाला, टपरी झाली. टपरीवर कोण कोण असतं ते काढलं, साकव काढला, त्यावरनं जाणाऱ्या बायका काढल्या, वडापाववाल्याची कढई काढली. मंग कंपनीचा चौकोन काढला अन् हात थांबला. सगळं चित्र भरलेलं अन् तो चौकोन रिकामा. मला आतलं कायच म्हायत नव्हतं. दिवसातले किती तास तो माणूस त्या चौकोनात असतो अन् मी तिथं एक टिंब पण काढू शकत नाय. साकवापाशी तो डबा खायला बसतो तेवढ्या वेळेला मी कोंबडी दिली, अन् जिथं सगळा दिवस जातो तिथं माझी नजरच गेली नाय. लादीवर काढलं नसतं तं मला हे कधी दिसलंच नसतं, दीपिका. डोक्यात तो चौकोन रिकामा दिसत नाय. डोक्यात आपण नुसतं म्हणतो, कंपनीत गेलाय, अन् ते भरल्यासारखं वाटतं.

अंकुश उठल्यावर मी त्याला उशीला टेकवून बसवला अन् म्हटलं, ह्यात काय हाय ते सांग. जिभेनं त्याला सांगता येईना. मंग मी परातीत पीठ पसरलं अन् त्याच्या मांडीवर ठेवली. त्याचं बोट असं थरथरत होतं की रेघ न येता ठिपके ठिपके पडत होते. पण त्यानं काढलं. एक गोल. गोलाला वरनं तोंड. तोंडातनं खाली दोर. आत एक माणूस काढला, मंग बाजूला दुसरा, मंग तिसरा. मी म्हटलं हा तू. त्यानं मान हलवली. हा कोण. बोटानं डोक्यावर फेटा काढला, तं मी वळखलं, रामू. रामू बिहारचा, डोक्याला गमछा गुंडाळायचा, आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत राहायचा. तिसऱ्याच्या गळ्यात त्यानं ठिपके काढले. माळ. जानू. जानू आपल्याच बाजूचा, माळकरी माणूस, सुकटीचा वास आला तरी नाक दाबायचा, सगळे त्याला चिडवायचे. मंग अंकुशनं गोलाच्या तळाशी हाताचा पंजा फिरवला, म्हणजे गाळ, अन् गाळ तिघांच्या गुडघ्याच्या वरपर्यंत नेला. तोंडावर काय बांधलेलं का म्हणून मी माझ्या नाकावर पदर धरून दाखवला. त्यानं मान हलवली, नाय. अन् मंग तो रडायला लागला, आवाज न करता, पीठ त्याच्या बोटाला चिकटलेलं तसंच डोळ्याला लागलं.

तिघं एका टाकीत. मी परात हातात घेऊन बसले ती बसलेच. कारण रामू गेला, दीपिका. जानू गेला. हे मला म्हायत होतं, सगळ्या चाळीला म्हायत होतं. पण रामू गेला म्हणजे दवाखान्यातनं बिहारला गेला अन् तिकडं आजारानं मेला, अन् जानू गेला म्हणजे लिव्हर गेलं, अशा दोन वेगळ्या गोष्टी होत्या. चाळीत रोज कोण ना कोण येतं जातं. एका गोलात तिघं दिसले तेव्हा मला कळलं की ही एकच गोष्ट हाय, अन् तिच्यातला तिसरा माझ्या खोलीत झोपलाय.

मंग मी दुसरं चित्र काढलं. काढायचं नव्हतं, भीती वाटत होती, पण हात थांबेना. टाकीतनं तीन वाटा बाहेर काढल्या. रामूची वाट त्याच्या खोलीत, खोलीतनं पांढऱ्या गाडीत. त्यालापण हेच सांगितलं होतं, बडा अस्पताल. तो गाडीत बसताना मी बघितला होता, दोघांनी काखेत धरून बसवला. जानूची वाटपण तशीच. त्याची बायको नर्मदा गाडीजवळ उभी होती अन् प्रीतम तिला म्हणत होता, जागा नाय, तू मागून ये. तेव्हा मी नळावर होते, मला वाटलं किती चांगली माणसं हायत. आता ते सगळं पिठानं काढलं, गाडी काढली, नर्मदा बाहेर काढली, अन् गाडीची वाट पुढं काढत गेले. चिल्हार फाट्याच्या बाजूला, हायवेकडं. अन् पुढं दवाखाना काढायचा, तं कसा काढू. नुसतं बोलायचं असलं तं "मोठ्या दवाखान्यात नेलं" एवढं म्हटलं की झालं. काढायला बसलं की दार लागतं, खाट लागते, खाटेपाशी कोणीतरी लागतं. तो दवाखाना कोणी बघितलेलाच नाय. रामूला भेटायला कोण गेलं नाय. जानूला भेटायला नर्मदा मागून निघाली तं तिला पत्ता मिळाला नाय. माझी पिठाची रेघ लादीवरनं सरकत सरकत गेली अन् चुलीच्या ओट्याला जाऊन टेकली, पुढं लादीच संपली.

मी नर्मदाला जाऊन भेटले. ती आता पाड्यावर भावाकडं असते. तिथंपण तिच्यासमोर अंगणात काढलं, कारण तोंडानं इचारलं की ती नुसती रडायची. मी गाडी काढली अन् म्हटलं, ह्याच्या पुढं काय ते तू काढ. तिनं काडी घेतली अन् गाडीपासनं सरळ एक रेघ तिच्या पाड्यापर्यंत ओढली. म्हणाली, मधे कायच नाय. दुसऱ्या दिवशी हीच गाडी आली, गुंडाळून आणला होता, तोंड तेवढं दाखवलं, घाई करून जाळायला लावला. सोबत कागद होता, दारूनं काळीज गेलं असं वाचून दाखवलं. माळकऱ्याचं दारूनं काळीज गेलं, चिमे, असं म्हणाली अन् हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

ते मुद्दाम मारतात असं मी म्हणत नाय. मला म्हायत नाय, अन् जे म्हायत नाय ते मी काढत नाय. पण एवढं दिसतंय की माणूस बोईसरमधे मेला तं कोणीतरी इचारील, कुठल्या कंपनीत होता, काय काम करत होता. लांब मेला, वाटेत मेला, तं कोण इचारणार. गेटवर त्याचं नावपण त्याचं नाय. आता तिसरी वाट उरलीय. काल प्रीतम आला, म्हणजे अंकुशला घास गिळता येईनासा झालाय हे त्याला चाळीतल्या कोणीतरी सांगितलं असणार. मरायला टेकला की गाडी येते.

पीठ मी रोज पुसायचे अन् रोज परत काढायचे. दर वेळेला काढताना नवीन काय तरी सापडायचं. एकदा दोर धरून वर उभा असलेला माणूस राह्यला होता, तो आठवला. अंकुशला दाखवलं तं त्यानं त्या माणसाच्या हातात मोबाईल काढला. प्रीतमच. तो वरनं शूटिंग करत होता, काम झालं म्हणून दाखवायला. म्हणजे ते तिघं टाकीत होते हे कुठंतरी दिसतंय, दीपिका, कुठल्यातरी फोनात. रत्नाबाई तारापूरकडनं मच्छी घेऊन येते ना, तिनं एकदा मला लादीवर वाकलेली बघितली, तं म्हणाली, अगो, पोराबाळांना खायाला नाय न् लादीला पीठ चारतेस काय. मी तिला सगळं सांगितलं. चाळीत दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाय, सगळ्यांची खोली शेठची, सगळ्यांची हजेरी प्रीतमकडं. रत्नाबाई टोपली खाली ठेवून बसली, चित्राकडं बघत राह्यली. जाताना एक बोंबील जास्त टाकला.

अन् मंग मागच्या आठवड्यात प्रीतम न सांगता आला. पुसायला वेळ मिळाला नाय. लादीवर गोल होता, तीन माणसं होती, वर चौथा. तो म्हणाला, काय, दिवाळी तं कधीच झाली, रांगोळी कसली घालते. पण त्याचे डोळे खालीच होते. त्यानं बुटानं तो वरचा माणूस पुसला. नुसता तोच. मंग म्हणाला, विम्याला तुझा फोन लागेल, आधार त्याला जोडायचाय, दे. माझ्या हातातनं घेतला तो अजून दिला नाय. परवा मी कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा फोन मागितला अन् जिवल्यादादाला लावला. दादा सध्या माकुणसारला एका वाडीत चिकू उतरवायला हाय, वाडीत रेंज नाय, दिवसभर लागत नाय. संध्याकाळी कामावरनं रस्त्यावर येतो तेव्हाच लागतो. लागला नाय. अन् घरी पोचायच्या आधी प्रीतमचा माणूस माझ्या दारात, म्हणे भावाला फोन कशाला. त्या दुकानदारानं सांगितलं असणार. आता मी नळावर गेले तरी कोणीतरी बघत असतं. अंकुशला मी उचलू शकत नाय, दीपिका. पोरगी अन् तो, दोघांना घेऊन मी कुठं पळू.

म्हणून काल रात्री मी शेवटचं चित्र काढलं. पीठ नाय घेतलं, ते पुसलं जातं. बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला अन् कोळशानं काढलं. टाकी, तिघं, दोरावरचा फोनवाला, तीन वाटा, गाडी. मंग आजची संध्याकाळ काढली. गाडीत अंकुशला बसवला. आता मी कुठं अन् स्नेहल कुठं, ते काढायचं होतं. आधी आमी दोघी बाहेर काढल्या, नर्मदासारख्या. ओल्या फडक्यानं पुसल्या. मंग तिघांना गाडीत काढलं अन् त्या गाडीची वाट बघवेना, तेपण पुसलं. पुठ्ठा काळा झाला तिथं. मंग मला गाडीत काढली, अंकुशच्या बाजूला. आत्तापर्यंत त्या गाडीत कोणाची बायको बसली नाय. मी दारात बसणार, उतरा म्हटलं तरी उतरणार नाय, तो जिथं जाईल तिथलं दार मी बघणार. मला भीती वाटते. लय वाटते. पण त्याला एकट्याला त्या रेघेवर पाठवायला हात धजत नाय. अन् स्नेहलला मी गाडीपासनं लांब, दुसऱ्या वाटेवर काढली, पालघरच्या वाटेवर, एका टोपलीवाल्या बाईचं बोट धरून. रत्नाबाई आज मच्छी विकून पालघरला लेकीकडं जाणार हाय, जाताना पोरीला तुझ्या दुकानात सोडील. चाळीत सांगितलंय की पोरगी तिच्यासोबत मासे बघायला दांडीच्या किनाऱ्याला जाते. म्हणजे ही चिठ्ठी ज्या पोरीच्या फ्रॉकला टाचणीनं लावलीय, ती माझी स्नेहल हाय. तिला तिखट चालत नाय. झोपताना कानाची पाळी धरायला लागते, कोणाची पण चालते. पुठ्ठा तिच्याच हातात दिलाय, तिला खेळणं वाटतं, तेवढा तिच्याकडनं घे अन् दुकानात त्याच्या जेवढ्या निघतील तेवढ्या झेरॉक्स काढ. मी परत आले तं पोर घेऊन जाईन. नाय आले तं तू तिला कोळसा दे हातात.

तुझीच
चिमी

दीपिका आज दुकानात नसेल तं दुकानात जे कोण असेल, भाऊ, ताई, काका, ज्यानं कोणी ही चिठ्ठी उघडली, त्यानं ऐका. रत्नाबाईकडं फोन नाय अन् तिला आकडे वाचता येत नायत, तिच्यावर रागवू नका. पोरीच्या डाव्या हातावर पेनानं नंबर लिवलाय, घामानं पुसायच्या आधी उतरून घ्या. तो माझ्या भावाचा हाय, जिवल्या नाव. आत्ता लागणार नाय. लागला नाय म्हणून सोडून देऊ नका, ऊन उतरायला लागलं की परत लावा, परत परत लावा, तो रस्त्यावर आला की उचलंल. त्याला एवढंच सांगा, चिमीच्या दारात पांढरी गाडी आलीय, पाड्यावरची माणसं घेऊन बोईसरला ये, नाय जमलं तं चिल्हार फाट्यावर आडवा हो. मी काय करू ते मला दुसरं सुचत नाय. माझ्या भावाला फोन करा.